शेवटच्या दिवसांतली खिदमत

लातूरच्या एका वाचक भगिनीचं पत्र तीन आठवड्यांपासून माझ्या टेबलावर पडून आहे. तुमच्या बहुतेक पत्रांना मी त्याच दिवशी उत्तर लिहिते. या पत्राचं उत्तर लिहायला बसले की उठून चहा टाकायला जात होते.

पत्र असं आहे. त्यांच्या अम्मीचं वय ऐंशीच्या पुढे. विसरण्याचा आजार सात-आठ वर्षांपासूनचा, आता त्या लेकीलाही ओळखत नाहीत. भाऊ परगावी, या स्वतः नोकरीला, घरात अंथरुणाला खिळलेली सासू. म्हणून दोन वर्षांपूर्वी अम्मींना शहरातल्या एका वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. गेल्या महिन्यापासून अम्मी घास तोंडात धरून बसतात, गिळत नाहीत. आश्रमवाले म्हणतात, "दवाखान्यात न्या, नाहीतर घरी न्या. इथे काही झालं तर आमच्यावर येईल." भाऊ म्हणतो, नाकातून नळी घाला. शेवटची ओळ अशी: "बाजी, नळी घातली नाही तर अम्मीला उपाशी मारल्याचा गुनाह माझ्यावर येईल का?"

उत्तर लांबलं, कारण ते द्यायचं तर मला माझ्या फुप्पीबद्दल लिहावं लागणार होतं, आणि त्यातली एक गोष्ट आम्ही नात्यागोत्यातही कधी नीट सांगितलेली नाही. फुप्पी शेवटची चार वर्षं वृद्धाश्रमात होती. कुणी विचारलं की आम्ही "पुण्याला असते" एवढंच म्हणायचो. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. आपल्यात आई-वडिलांची खिदमत न करणाऱ्याला काय म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि आत्या म्हणजे वडिलांच्याच जागी.

फुप्पी उर्दू शाळेत शिकवायची. फुप्पा लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. निवृत्तीनंतर ती माझ्याकडेच राहायची. मग ती गॅस चालू ठेवून विसरायला लागली, रात्री दोन वाजता "शाळेला उशीर झाला" म्हणत दार उघडून जिन्यावर जाऊन बसायला लागली. मी दिवसभर शाळेत, मुलं कॉलेजात. तीन बायका ठेवून पाहिल्या, एकही महिना टिकली नाही. शेवटी पुण्याबाहेरचा एक आश्रम मिळाला. तिथे चोवीस तास माणसं होती, व्हरांड्याला कठडा होता आणि दाराला कडी. पहिल्या दिवशी परतताना मी रिक्षात रडले, आणि त्या रात्री तीन वर्षांत पहिल्यांदा सलग झोपले. दोन्ही खरं आहे.

तिथे ती बरी होती. आश्रम आपल्या लोकांचा नव्हता, जेवण शाकाहारी होतं, पण तिच्या खोलीची खिडकी पश्चिमेला होती. आम्ही भिंतीवर किब्ल्याच्या दिशेला एक हिरवा कागद चिकटवला होता. नमाजातलं काही आठवेनासं झाल्यावरही ती त्या कागदाकडे तोंड करून हात बांधून बसायची. तिची देखभाल करणाऱ्या मावशी वारीला जाणाऱ्या. त्या इतरांना सांगायच्या, "बाईंची वेळ झाली, आता आवाज करू नका."

मग एका रात्री तिला ताप भरला आणि श्वास जोरात व्हायला लागला. आश्रमाने रुग्णवाहिका बोलावली आणि मला फोन केला. मी पोहोचले तेव्हा ती एका खासगी दवाखान्यात आयसीयूत होती. पुढचे पाच दिवस मला दिवसातून दोन वेळा दहा-दहा मिनिटं भेट होती. ती नळ्या ओढत होती म्हणून तिचे दोन्ही हात पलंगाच्या कठड्याला पट्ट्यांनी बांधले होते. आयुष्यभर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी बाई, तिचं डोकं उघडं. मी ओढणी ठेवली, तर नर्स म्हणाली वायरींना अडथळा होतो. मी कुणावर रागावू? ते त्यांचं काम करत होते. पण त्या पाच दिवसांत कुणीही, मीसुद्धा, हा प्रश्न विचारला नाही की यातून फुप्पीला काय मिळणार आहे. ताप उतरला. ती आश्रमात परतली, तेव्हा माकडहाडावर तळहाताएवढी जखम होती आणि ती बोलायची थांबली होती.

यानंतर आम्हाला एक डॉक्टर भेटल्या. माझ्या एका सहकारी बाईंच्या वडिलांना कॅन्सर असताना त्या घरी यायच्या, म्हणून त्यांचा नंबर मिळाला. त्या आश्रमात आल्या, फुप्पीच्या पलंगावर बसल्या, आधी तिचा हात हातात घेतला आणि मग फाईल मागितली. तासाभराने मला व्हरांड्यात नेऊन त्या म्हणाल्या, "यांचा आजार बरा होणारा नाही आणि आता तो शेवटच्या टप्प्यात आहे. काही महिने असतील, कदाचित कमी. आपण दोन गोष्टी करू शकतो. दर वेळी रुग्णवाहिका बोलवायची, किंवा जे काही करायचं ते इथेच, यांच्या खोलीत करायचं." हॉस्पिस हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला.

या शब्दाचा मूळ अर्थ वाटसरूंची उतरण्याची जागा, म्हणजे आपला मुसाफिरखाना. आजच्या अर्थाने तो रुजवला सिसिली सॉन्डर्स या इंग्लंडमधल्या बाईंनी. आधी नर्स, मग दवाखान्यातली समाजसेविका, मग डॉक्टर असा त्यांचा प्रवास. 1967 साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं, आणि 2005 मध्ये त्यांचं निधनही तिथेच झालं. दुखणं उठल्यावर औषध द्यायचं नाही, दुखणं उठूच नये म्हणून ठरलेल्या वेळी द्यायचं, हा त्यांचा आग्रह. आणि दुखणं फक्त शरीराचं नसतं. मनाचं, पैशाचं, नातेवाइकांचं, रूहचं असं सगळं मिळून एकच दुखणं असतं, हे त्यांनी डॉक्टरांना शिकवलं.

नंतर लोकांच्या ध्यानात आलं की हॉस्पिस म्हणजे इमारतच पाहिजे असं नाही. माणूस जिथे राहतो तिथे ही सेवा नेता येते. अमेरिकेत फार मोठ्या संख्येने वृद्ध नर्सिंग होममध्ये शेवटचा श्वास घेतात. (आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे बाळंतपणाचा नाहीतर डॉक्टरांचा छोटा दवाखाना. आपला 1949 चा नोंदणीचा कायदाही दवाखान्यांना तेच म्हणतो. तिकडे मात्र नर्सिंग होम म्हणजे ज्या वृद्धांना उठता-बसता येत नाही त्यांचं कायमचं राहण्याचं ठिकाण.) तिथे 1982 साली सरकारी आरोग्य विम्यात हॉस्पिसची तरतूद झाली. दोन डॉक्टरांनी लिहून द्यायचं की आजार आपल्या चालीने चालला तर सहा महिन्यांपलीकडे आयुष्य दिसत नाही. मग नर्स, डॉक्टर, समाजसेवक, धर्माचा माणूस, अंग पुसणारी मदतनीस अशी टोळी नर्सिंग होममधल्या त्या खोलीतच येते. औषधं आणि लागणारी साधनं त्यांच्याकडून मिळतात, रात्री-बेरात्री फोन उचलला जातो. मृत्यूनंतरही वर्षभर ते घरच्यांची विचारपूस करतात. राहण्या-जेवणाचा खर्च मात्र त्या विम्यात येत नाही, आणि नर्सिंग होममध्ये तोच मोठा असतो. तिथेही सगळं सोनं नाही. निम्म्याहून अधिक हॉस्पिस आता नफ्यासाठी चालतात आणि त्यांच्याबद्दल तक्रारी होतात. पण म्हातारं माणूस जिथे आहे तिथे सेवेनं जायचं, ही कल्पना मला पटली.

आपल्याकडे याची सुरुवात मुंबईतूनच झाली. बांद्र्याला 1986 मध्ये डॉ. डिसोझा यांनी शांती आवेदना सदन सुरू केलं, ते देशातलं पहिलं हॉस्पिस. पुढे त्याच्या शाखा गोव्यात आणि दिल्लीत झाल्या. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून आहे. दोन्हीकडे पैसे घेत नाहीत. केरळने तर कमाल केली. 1993 मध्ये कालिकतला काही डॉक्टरांनी काम सुरू केलं, आणि 2008 मध्ये त्या राज्याने यासाठी स्वतंत्र सरकारी धोरण केलं. मलप्पुरमसारख्या, आपल्या लोकांची मोठी वस्ती असलेल्या जिल्ह्यात साध्या माणसांनी शिकून घेऊन शेजारच्या अंथरुणावरच्या आजाऱ्यांची सेवा सुरू केली. दुकानदार, शिक्षक, विद्यार्थी, घरातल्या बायका. आपल्या मोहल्ल्यांत जनाज्याची डोली आणि शव ठेवायची पेटी सांभाळायला तरुणांची मंडळं आहेत. जिवंतपणीच्या शेवटच्या दोन महिन्यांसाठी मात्र मंडळ नाही. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. आमच्याही मोहल्ल्यात नाही, आणि मीही ते काढलेलं नाही.

आपल्याकडची हॉस्पिस मुख्यतः कॅन्सरच्या रुग्णांसाठी उभी राहिली, ही खरी अडचण. वृद्धाश्रमातली माणसं मात्र बहुतेक विसरण्याच्या आजाराने, लकव्याने, हृदय थकून किंवा किडनी थकून जातात. त्यांचा उतार हळू असतो आणि कुणी तारीख सांगू शकत नाही. म्हणून त्यांच्याकडे "आता शेवट आला" असं कुणी म्हणतच नाही, आणि प्रत्येक ताप हा नवा आजार समजून त्यांना दवाखान्यात हलवलं जातं.

आता नळीकडे येते. फुप्पीही आयसीयूतून आल्यावर गिळेनाशी झाली. दम्मामहून भाईचा रोज फोन. "पैशाची काळजी करू नकोस, सगळं करा, नळी घाला, मोठ्या दवाखान्यात न्या." लांब राहणाऱ्याचा अपराधी भाव पैशाच्या भाषेत बोलतो, हे मला तेव्हा समजत नव्हतं. मी त्याच्यावर चिडायचे. डॉक्टरांनी मात्र त्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि पाऊण तास दिला.

त्यांनी सांगितलं ते असं. घास अडकतो म्हणजे लगेच शेवट आला असं नाही. आधी तोंड बघा. तोंडात छाले आहेत का, पांढरी बुरशी आहे का, कवळी सैल झाली आहे का, पोट साफ आहे का, एखाद्या गोळीमुळे गुंगी आहे का. फुप्पीच्या तोंडात बुरशी होती. औषधाने ती गेली आणि ती पुन्हा आठवडाभर थोडं खायला लागली. मग परत थांबली. तेव्हा त्या म्हणाल्या, आता हा आजारच आहे. विसरण्याच्या आजाराच्या शेवटच्या टप्प्यात मेंदू गिळणंही विसरतो. तिथे नळी घातल्याने आयुष्य वाढतं किंवा अन्न फुप्फुसात जाणं थांबतं असं दिसून आलेलं नाही. उलट नळी ओढू नये म्हणून हात बांधावे लागतात, आणि जखमा वाढतात. अमेरिकेतल्या वृद्धांच्या डॉक्टरांची संघटनाही अशा रुग्णांना नळी नको, हाताने भरवा, असाच सल्ला देते. लकवा नुकताच झाला असेल, माणूस सुधारण्याची आशा असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे काही दिवसांची नळी जीव वाचवते. म्हणून फुप्पीचं उत्तर प्रत्येकाला लागू करू नका.

भाई गप्प झाला, पण मला चैन पडेना. मी आमच्या मशिदीच्या मौलानांकडे गेले. त्यांनी फार नेमकं विचारलं. "बेटी, औषध वेगळं आणि अन्न वेगळं. ज्या औषधाने फायदा होईल याची खात्री नाही, ते न घेणाऱ्याला आपले फुकहा गुनाहगार म्हणत नाहीत. पण समोर भुकेला आहे आणि अन्न रोखलं, तर ती दुसरी गोष्ट. तुम्ही अन्न रोखताय का?" मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावून दिला. त्या म्हणाल्या, "नाही. एक चमचाही रोखणार नाही. त्या जितकं घेतील, जेव्हा घेतील, तितकं हाताने भरवणार. तोंड मिटलं की थांबणार." मौलाना थोडा वेळ बसून राहिले आणि म्हणाले, "मग अन्न तुम्ही थांबवलेलं नाही. जबरदस्ती मात्र करू नका." मॉर्फिनबद्दलही मी विचारून घेतलं. नशेसाठी नाही, तबीबाने तकलीफ कमी करायला मोजून दिलेलं असेल तर हरकत नाही, असं ते म्हणाले. लातूरच्या भगिनी, हे माझ्या मौलानांनी माझ्या फुप्पीबद्दल सांगितलं. अन्न-पाण्याच्या प्रश्नावर आलिमांमध्ये मतं वेगळी आहेत. तुमच्या अम्मींची हालत तुमच्या डॉक्टरांकडून समजून घ्या आणि तुमचा ज्यांच्यावर भरवसा आहे त्या आलिमसाहेबांशी डॉक्टरांचं बोलणं करून द्या. मधे निरोप्याचं काम तुम्ही करू नका. निरोपात निम्मं गळतं, आणि जे गळतं त्याचं ओझं तुमच्या डोक्यावर राहतं.

आश्रमाला पटवणं याहून अवघड गेलं. व्यवस्थापक बाई वाईट नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. उद्या एखादा पुतण्या उगवून म्हणाला की तुम्ही उपचार केले नाहीत, तर? पोलिसांनी विचारलं तर? बाकीच्या आजी-आजोबांनी मृत्यू पाहिला तर? डॉक्टरांनी त्यांच्या टेबलावर बसून एक कागद लिहिला. आजार काय, कुठल्या टप्प्यावर, घरच्यांशी काय बोलणं झालं, ताप आला तर काय द्यायचं, दम लागला तर काय, कुणाला फोन करायचा, आणि दवाखान्यात कधी न्यायचं. हाड मोडलं, रक्तस्राव झाला, असं काही असेल तर न्यायचंच. खाली डॉक्टरांची, माझी आणि बाईंची सही. भाईने तिकडून लिहून पाठवलं. त्याची एक प्रत खोलीत आणि एक रात्रपाळीच्या वहीत. रुग्णवाहिका रात्रपाळीची घाबरलेली पोरगी बोलावते, म्हणून कागद तिच्या हातात पाहिजे.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला लोक कचरतात. घरी किंवा आश्रमात मृत्यू झाला तर दाखला कोण देणार? रुग्णाला नियमित बघणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र द्यायचं असतं, दवाखान्याबाहेरच्या मृत्यूसाठी त्याचा नमुना 4अ असा आहे. ज्या म्हाताऱ्या माणसाला सहा महिन्यांत कुणी डॉक्टरच बघितलेला नाही, त्याच्यासाठी ऐनवेळी कुणी सही करत नाही. मग पोलीस, पोस्टमॉर्टेमची धास्ती, कब्रस्तानात थांबलेली माणसं आणि दफनाला झालेला उशीर. म्हणून डॉक्टर आधीच ठरलेले हवेत.

जे अजून शहाणे आहेत, सहीत हात थरथरत नाही, त्यांच्यासाठी आता कायद्याचा रस्ताही आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये असं मान्य केलं की माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवू शकतो, की बरं होण्याची आशाच उरली नाही तर मला यंत्रांवर ठेवू नका. 2023 मध्ये ही पद्धत सोपी केली. आता न्यायाधीशांऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर, दोन साक्षीदारांच्या सहीने हा कागद होतो, आणि त्याची प्रत महापालिका किंवा पंचायतीकडे ठेवता येते. यात सुई टोचून मारायची गोष्ट कुठेही नाही. ती आपल्या दीनमध्येही हराम आणि देशाच्या कायद्यातही गुन्हा. फुप्पीकडे असा कागद नव्हता. ती शुद्धीत होती तेव्हा आम्ही तिच्याशी मृत्यूबद्दल बोलणं अपशकुन समजत होतो. मात्र तिने पेटीत कफन घडी करून ठेवलं होतं, त्यावर आपल्या हाताने नाव लिहून. ज्या बाईने कफन शिवून ठेवलं तिच्याशी मृत्यूबद्दल बोलायला आम्हालाच धीर नव्हता.

नंतरचे सात आठवडे कसे गेले, ते थोडं सविस्तर लिहिते, कारण पत्रांतून याचीच माहिती विचारली जाते. दर दोन तासांनी कूस बदलायची. उजवी कूस म्हणजे किब्ल्याकडे, ती थोडी जास्त वेळ. हवेची गादी भाड्याने आणली. जखमेला वास यायचा, तर डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून जखमेवर टाकायला सांगितली, आणि तीन दिवसांत खोलीतला वास गेला. तो वास गेल्यावर माझ्या मुली आत येऊन बसायला लागल्या. दुखतं हे ती सांगू शकत नव्हती. मावशींना डॉक्टरांनी शिकवलं: कपाळाला आठ्या, कण्हणं, मूठ आवळणं, हात लावला की अंग चोरणं. मावशी म्हणाल्या, "हे तर लेकराचंच." जखम बांधायच्या अर्धा तास आधी औषध द्यायचं, हे एवढं साधं आयसीयूत कुणी केलं नव्हतं.

मॉर्फिन तिला मुख्यतः दम लागण्यासाठी मिळालं. दहा मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव भाग, थोड्या पाण्यात विरघळवून गालाच्या आत. हे माप तिच्या डॉक्टरांनी तिच्यासाठी ठरवलेलं, कुणी त्यावरून हिशेब करू नये. आणि सोबत पोट साफ राहण्याचं औषध न चुकता, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतं. देशात मॉर्फिन मिळणं 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्याने फार अवघड करून टाकलं होतं. 2014 च्या दुरुस्तीनंतर नियम सुटसुटीत झाले, तरी आजही सगळ्या गावांत ते मिळत नाही. ज्यांना हे औषध दिलं ते लगेच जातात, असा समज आहे. फुप्पी त्यानंतर सात आठवडे होती. दम कमी झाल्यावर तिचा चेहरा सैल झाला आणि दोन वेळा ती चक्क हसली. एकदा माझ्याकडे बघून, एकदा पंख्याकडे.

पाक-नापाकचा प्रश्न मला सतावायचा. डायपर, जखम, अशात कसली नमाज? मौलाना म्हणाले, जिची अक्कल राहिली नाही तिच्यावर नमाज फर्ज नाही, तुम्ही का त्रास करून घेता. तुम्ही तिच्याजवळ बसून तिलावत करा. मी करायचे. मुली मोबाईलवर लावायच्या, तेही चालायचं. केस विंचरून मी तिच्या डोक्यावर ओढणी ठेवायचे. इथे वायरी नव्हत्या.

शेवटचे तीन दिवस डॉक्टरांनी आधी सांगितल्यासारखेच गेले. पाय गार, गुडघ्यांवर निळसर डाग. श्वास चालता चालता थांबायचा, मी मोजायला लागायचे, पंधरा, वीस, आणि मग पुन्हा सुरू. घशात खरखर. ते ऐकून मला वाटलं ती गुदमरते आहे. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, "ती आपल्याला ऐकू येते, त्यांना त्रास होत नाही. कुशीवर करा, पाणी पाजू नका, ओठ ओले ठेवा. आणि बोलत राहा, ऐकू येत असतं." हे आधी कुणी सांगितलं नसतं, तर मीच रुग्णवाहिका बोलावली असती, कागदावर माझी सही असूनही.

शेवटच्या पहाटे खोलीत मी, माझी थोरली आणि मावशी होतो. मावशींच्या हातात छोटी वाटी होती. मी पाहिलं, त्यात तुळशीचं पान. त्यांच्यात शेवटच्या घटकेला तेच देतात. चार वर्षं तिला घास भरवणाऱ्या बाईला काय सांगायचं मला सुचेना. मी कपाटातून आबे जमजमची बाटली काढली, भाईने आणलेली, आणि म्हणाले, "मावशी, तिला हे." त्यांनी वाटी खिडकीत ठेवली, कापसाचा बोळा जमजममध्ये भिजवला आणि फुप्पीचे ओठ पुसले. मी कानाजवळ कलमा पढत होते, हळू, मौलानांनी बजावलं होतं तसं, आग्रह न करता. फजरच्या अजानला अजून वेळ होता. श्वास थांबला, मी पन्नासपर्यंत मोजलं.

डॉक्टर सात वाजता आल्या, 4अ भरून दिला. आश्रमातल्या आजी दारात उभ्या राहून एकेक करून बघून गेल्या. व्यवस्थापक बाईंना वाटलं होतं तसं कुणी घाबरलं नाही. एकीने विचारलं, "माझ्या वेळी पण डॉक्टरीणबाई येतील ना?" गुस्ल कब्रस्तानाजवळच्या मशिदीत झालं, जोहरनंतर मिट्टी. भाई पोहोचू शकला नाही. त्याने जनाजा मोबाईलवर पाहिला.

लातूरच्या भगिनींसाठी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मी वेगळ्या पत्रात लिहून पाठवले आहेत. अम्मी तोंड उघडतात तोवर भरवत राहा. मऊ, थोडं, बसवून, घाई न करता. घरी न्या की तिथे ठेवा, हे मी सांगणार नाही. माझ्या फुप्पीची खोली आश्रमातली होती, आणि हे आता मी लिहून टाकलं आहे.

तिसऱ्या दिवशी मी तिचं सामान आणायला गेले. हवेची गादी भाड्याच्या दुकानात परत करायची होती. मॉर्फिनच्या सहा गोळ्या उरल्या होत्या. मावशींनी त्या वहीतल्या नोंदीशी ताडून मोजल्या, मी पुन्हा मोजल्या आणि डॉक्टरांकडे पोहोचवल्या. भिंतीवरचा हिरवा कागद मी काढायला गेले, तर मावशी म्हणाल्या, "राहू द्या, पुढच्या महिन्यात इथं सोलापूरच्या एक खाला येणारायत."